चव कळणाऱ्याला काय म्हणावं?

लग्नाच्या पंगतीत एखाद्याने पाचव्यांदा जिलबी घेतली की यजमान खूश होऊन म्हणतात, "वा, खवय्ये आहेत!" शेजारच्या पानावरचा पाहुणा मनात म्हणतो, "काय खादाड माणूस आहे." घरी परतताना रिक्षात बायको सुनावते, "रिपोर्ट काय आलाय ते माहीत आहे ना? जिभेचे चोचले काही संपत नाहीत तुमचे." जिलबी तीच, खाणारा तोच, शब्द मात्र तीन. आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. यजमानाने 'खादाड' म्हटलं तर व्याही रुसतील, आणि बायकोने रिक्षात 'खवय्ये' म्हटलंच तर ते टोमण्यातच जमा होईल.

हा संग्रह अशा शब्दांचा आहे. खाण्याचे पदार्थ यात नाहीत, पाककृती तर नाहीतच. ज्याला चांगलं खाणं, चांगलं गाणं, मुरलेला विडा, अत्तराचा फाया, अशा कुठल्याही सुखाची पारख आहे, त्याला मराठी माणूस काय काय म्हणतो, एवढंच मी गोळा केलं. वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे, बसच्या तिकिटावर, कधी हातावर लिहून आणलेले हे शब्द वहीत उतरवताना लक्षात आलं, की यातला जवळजवळ एकही शब्द नुसतं वर्णन करून थांबत नाही. प्रत्येकात निवाडा आहे. खाणाऱ्याने किती खाल्लं, कुणाच्या पैशाने खाल्लं, दुसऱ्याला ठेवलं की नाही आणि खाताना त्याचं लक्ष पानात होतं की पातेल्यात, हे सगळं त्या एका शब्दात येऊन बसतं.

'खवय्या'चंच पाहा. हा शब्द 'गवय्या'च्या साच्यातला आहे. गाणाऱ्याला जो प्रत्यय लागला तोच खाणाऱ्याला लावून भाषेने त्याला मैफलीत बसवलं. 'पट्टीचा गवई' आणि 'पट्टीचा खाणारा' हीसुद्धा एकाच घरातली मंडळी. उलट 'खादाड', 'हावरा', 'अधाशी', 'वखवखलेला' यांच्याजवळ गाणं नाही, नुसतं पोट आहे. 'चोखंदळ' त्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्यात 'चोख' ऐकू येतो. हा माणूस कमी खातो, पण वरणाला हिंगाची फोडणी जळकी बसली असेल तर पहिल्या घासाला ओळखतो. त्याच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्यांना विचारलं तर ते 'चोखंदळ' म्हणत नाहीत, 'नखरेल' म्हणतात.

खाणारा आणि कलेचा जाणकार यांचं नातं मराठीने शोधलेलं नाही, ते फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे समजावायची वेळ आली तेव्हा उदाहरण आलं ते थेट स्वयंपाकघरातून. नाना व्यंजनांनी संस्कारलेलं अन्न जेवताना प्रसन्न मनाचा माणूस जसा रस चाखतो, तसाच प्रेक्षक नाटकातले भाव चाखतो, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे 'रसिक' हा शब्द नाट्यगृहात शिरण्याआधी पानावर बसलेला होता. पुढे काव्यशास्त्राने 'सहृदय', 'रसज्ञ', 'विदग्ध' अशा नावांनी त्याला वरच्या आसनावर नेलं, आणि आज आपण 'रसिक प्रेक्षकहो' म्हणतो तेव्हा कुणाला आमटी आठवत नाही.

आमटी गेली तरी तिचा वास राहिला. शाळेत कवितेचं 'रसग्रहण' करायला सांगतात. समीक्षक 'आस्वाद' घेतात, वाचकांची 'अभिरुची' सुधारावी अशी इच्छा धरतात. विनोद खुसखुशीत, लेख खमंग, किस्सा चटकदार, टीका झणझणीत, भाषण मिळमिळीत, नाटक सपक. मराठी समीक्षेतून स्वयंपाकघर काढून घेतलं तर तिच्याकडे बोलायला फारसं काही उरणार नाही. दुर्गाबाई भागवतांनी खाण्यावरच्या पुस्तकाला 'खमंग' हे नाव दिलं तेव्हा हा शब्द साहित्यातून पुन्हा आपल्या चुलीपाशी आला. असाच घरी परतलेला दुसरा शब्द म्हणजे 'रसवंती'. रसाळ वाणीला, वक्त्याच्या जिभेवरच्या सरस्वतीला आपण रसवंती म्हणत होतो. आता ती एसटी स्टँडाबाहेर घुंगरू वाजवत उसाचा रस काढते. मला यात अवनती दिसत नाही. बाई माहेरी आली आहे.

चवींची नावंही आपण जशीच्या तशी ठेवली नाहीत. आयुर्वेदाचे सहा रस पाठ म्हणताना मराठी मूल हमखास अडखळतं, कारण तिथला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला 'कडू' त्या 'कटु'चाच वंशज, पण कारल्याच्या घरी दत्तक गेलेला. तिखटपणासाठी आपण 'तीक्ष्ण'कडून शब्द घेतला. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि मिरीवरून नाव घेऊन इथलीच झाली. जिभेला तिखट लागणारी वस्तूच बदलली, तरी झोंबण्याला लागणारे शब्द तयार होते.

बाहेरून आलेल्या शब्दांचा प्रवास याहून गमतीचा आहे. फारसीत 'मजा' म्हणजे चव. अरबीत 'लज्जत' म्हणजे सुख. मराठीत येताना दोघांनी वाटेत पागोटी बदलली. आपल्याकडे मजा सहलीत येते आणि लज्जत लोणच्याला असते. 'हवस' हा शब्द उर्दूत ऐकला तर सभ्य माणूस कान झाकेल. तोच मराठीत 'हौस' होऊन मंगळागौरीला, बारशाला, पहिल्या दिवाळसणाला बिनधास्त जाऊन बसला. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि हौशी माणसाला कुणी वाईट म्हणत नाही. 'चैन' मात्र उलटी गेली. हिंदीत ती स्वस्थता आहे, आपल्याकडेही 'चैन पडेना' यात तेवढी शिल्लक आहे, पण 'चैनी माणूस' म्हटलं की मराठी मध्यमवर्गाच्या कपाळावर आठी आलीच. 'चंगळ'ही मुळात पोरांच्या सुट्टीतली, आजोळच्या फराळाच्या डब्यातली. तिला 'वाद' जोडून आपण आर्थिक गुन्हेगार केलं. 1991 नंतर बाजार खुला झाला आणि 'चंगळवाद' हा शब्द भाषणाभाषणांतून ऐकू येऊ लागला.

'शौक'चं भाग्य मिश्र आहे. अरबीत ती ओढ, उत्कंठा. 'शौकीन' म्हटलं की पानाचा, घोड्यांचा, गाण्याचा, कशाचाही असू शकतो, आणि खिसा भरलेला असावा अशी अपेक्षा असते. त्याच्या आधी 'आंबट' लागलं की गडी वेगळाच होतो. आंबटशौकिनाला कैरी आवडते असं कुणी समजत नाही. 'गुलहौशी', 'रंगेल', 'छंदीफंदी' हे त्याच्याच गल्लीतले. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'दर्दी'. फारसी 'दर्द' म्हणजे वेदना. गाणं ऐकताना ज्याला आत काहीतरी दुखतं तो दर्दी. सुखाच्या जाणकाराला दुखण्यावरून नाव देणारी ही जागा मला फार आवडते. खाण्याच्या बाबतीत मात्र 'दर्दी' कुणी म्हणत नाही. मटणाचा दर्दी म्हटलं तर लोक पोटदुखीचं औषध विचारतील.

सुखाची यादी करण्यात आपले पूर्वज मागे नव्हते. वात्स्यायनाच्या कामसूत्रातला 'नागरक' हा शहरी रसिकाचा नमुना. सकाळी दात घासण्यापासून संध्याकाळच्या गोष्ठीपर्यंत त्याचा दिवस तिथे आखून दिला आहे, आणि चौसष्ट कलांमध्ये भाज्या, सार आणि नाना खाद्यं करण्याची, तशीच पेयं सिद्ध करण्याची कलाही मोजली आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द 1126 ते 1138) याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' तर सुखाचा कोशच आहे. ही कल्याणी म्हणजे ठाण्याजवळचं कल्याण नव्हे, आज बिदर जिल्ह्यात असलेलं बसवकल्याण. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. तिसरा भाग सगळा उपभोगांचा: घर, स्नान, तांबूल, उटी, वस्त्र, फुलं, अन्न, पाणी, शय्या, धूप. अन्नभोगात उडदाच्या पिठाची आजच्या इडलीची पूर्वज आहे आणि 'मंडक'ही आहेत. खानदेशात उलट्या खापरावर मांडे भाजणाऱ्या बाईला हा संस्कृत शब्द ठाऊक नसेल, पण पदार्थाची ओळख करून द्यावी लागणार नाही.

सतराव्या शतकात, 1677च्या सुमारास, शिवाजी महाराजांच्या इच्छेने 'राजव्यवहारकोश' तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या त्या कोशात किल्ले, शस्त्रं, लेखन यांच्या जोडीला एक सबंध 'भोग्यवर्ग' आहे. लढाईच्या धामधुमीतल्या राज्याला खाण्यापिण्याच्या शब्दांची निगा राखायला सवड होती, हे आजच्या अर्थसंकल्पवाल्यांनी लक्षात घ्यावं. त्याच शतकात तंजावरच्या मराठा दरबारात, एकोजीराजांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयाने, रघुनाथ पंडित नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' लिहिलं. नावातच पाहा: लालसा नाही, चैन नाही, कुतूहल. खाण्याकडे बघायची याहून सभ्य नजर मला कुठल्या ग्रंथाच्या नावात भेटलेली नाही.

तरीही सुखाच्या जाणकाराची बदनामी करण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. ग्रीसमध्ये एपिक्युरस (इसवी सनापूर्वी 341 ते 270) नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. अथेन्सजवळच्या त्याच्या बागेत भाकरी-पाण्यावर दिवस काढले जात. एका मित्राला त्याने लिहिलं, की थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. त्याच्या नावावरून युरोपात उंची खाण्यापिण्याच्या शौकिनाला 'एपिक्युअर' म्हणतात. आपल्याकडे हीच गत चार्वाकाची. त्याचा विचार आपल्यापर्यंत आला तो बहुतांशी त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून, आणि लोकांच्या लक्षात राहिलं एवढंच, की कर्ज काढून तूप प्यावं. फ्रेंचांनी जरा बारीक कातलं. 'गूर्मां' म्हणजे भरपूर खाणारा, 'गूर्मे' म्हणजे पारख असलेला. हा 'गूर्मे' मुळात दारूच्या व्यापाऱ्याचा नोकर, पिंपातली चव घेऊन बघणारा. आज मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये काचेच्या बरणीतल्या लोणच्यावर तो शब्द छापलेला असतो आणि तेवढ्याने किंमत दुप्पट होते. नोकराने मालकाला श्रीमंत करायचं काम अजून सोडलेलं नाही.

मराठीची खरी श्रीमंती मला नामांपेक्षा क्रियापदांत दिसली. कढी भुरकायची, तांबडा रस्सा ओरपायचा, शेवग्याची शेंग चोखायची, सुपारी चघळायची, लाडू मटकवायचा, पुरणपोळ्या चापायच्या, मिसळ हाणायची, भाकरी-पिठल्यावर आडवा हात मारायचा. रायवळ आंबा चोखतात, हापूस कापतात, आणि हापूस चोखणाऱ्याकडे काही घरांत अजून संशयाने बघतात. रागाने ताट सरकवताना 'गीळ' म्हणतात आणि पाहुण्याला 'दोन घास घ्या' म्हणतात. खाणाऱ्याची जात, गाव, घाई आणि भूक या क्रियापदांत जितकी दिसते तितकी 'रसिक' शब्दात दिसत नाही. म्हणून या संग्रहात क्रियापदांचा विभाग सर्वांत मोठा आहे.

आता या वहीतल्या रिकाम्या जागेबद्दल.

शब्द लावता लावता कळलं, की 'खवय्या'चं स्त्रीलिंगी रूप माझ्याकडे नाही. व्याकरणाने ते करता येईल, पण पंगतीत ते कुणी वापरताना मी ऐकलं नाही. पुरुष खातो तेव्हा खवय्या, स्वयंपाक करतो तेव्हा 'बल्लवाचार्य'. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नाव घेऊन राहिलेला भीम खाण्यातही पहिला आणि रांधण्यातही पहिला, म्हणून दोन्ही मान त्याचे. 'नळपाक'ही पुरुषाच्याच नावावर. बाईसाठी 'सुगरण' आहे, 'अन्नपूर्णा' आहे. सुगरण ही 'सुगृहिणी'ची लेक, अन्नपूर्णा ही वाढणारी देवी. दोघींच्या हातात पळी आहे, दोघींच्या पुढे ताट नाही. बाईला स्वतःला काही आवडतं असं दिसलं, की शब्द एकदम घसरतात: चटोर, खादाड, जीभ लांब. मानसोल्लासात उपभोगांच्या यादीतच स्त्रीही आहे, उपभोगाची वस्तू म्हणून. आणि त्याच ग्रंथात गाण्याचा विषय आला की महाराष्ट्रातल्या बायका दिसतात, त्या धान्य कांडताना ओवी गाताना.

तिच्या इच्छेला भाषेने एकच उघडा दरवाजा ठेवला, तो 'डोहाळे'. गरोदर बाईने चिंच मागितली, कर्टोल्याची भाजी मागितली, अर्ध्या रात्री भेळ मागितली तरी सगळं घर कौतुकाने धावतं. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटलं आहे, म्हणजे दोन हृदयांची. काव्य कळणारा पुरुष 'सहृदय', आणि बाईला काही खावंसं वाटलं तर ते दुसऱ्या हृदयाचं मागणं, पोटातल्या बाळाचं. नऊ महिने संपले की हृदय पुन्हा एक होतं आणि मागणं बंद.

माझी आत्या नैवेद्याचा स्वयंपाक करायची तेव्हा काही चाखायचं नाही असा दंडक होता. पातेल्यावरचं झाकण किंचित सरकवून ती वास घ्यायची आणि म्हणायची, "आमटीत मीठ कमी आहे." चिमूटभर मीठ पडायचं आणि देवापुढे पान जायचं. जिभेला न शिवता चव ओळखणाऱ्या या विद्येला आमच्या घरात नाव नव्हतं. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. इतकं शब्दधन त्यात आहे, तरी या विद्येचं नाव मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर मला कोशापेक्षा एखाद्या घरातच सापडेल असं वाटतं.

अशा बिननावाच्या जाणकारांची यादी लांब आहे. बाजारात कल्ला उचलून लाली बघणारी आणि क्षणात मासा बाजूला टाकणारी कोळीण. हुरड्यासाठी गुळभेंडीचं कणीस दुधात आहे की पुढे गेलंय, हे नखाने दाबून सांगणारा, आगटीपाशी बसलेला शेतकरी. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) वाचल्यावर लक्षात येतं, की मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चान्यांची, म्हणजे मांसाच्या पट्ट्यांची, त्या सुकवण्याची आणि शिजवण्याची जाण किती सूक्ष्म आहे. आपल्या रसिकतेच्या कोशाने त्या चुलीकडे कधी पाहिलंच नाही. चवीचे शब्द ज्यांनी लिहिले त्यांच्या पानात जे वाढलं गेलं त्याचीच नावं राहिली. बाकीच्यांची जाण शाबूत आहे, पदवी तेवढी मिळालेली नाही.

म्हणून हा संग्रह कसा वाचावा याबद्दल दोन शब्द. अकारविल्हे लावला असला तरी तो कोश नाही. व्युत्पत्ती जिथे पक्की वाटली तिथेच दिली आहे. एखादा शब्द तुमच्या गावात वेगळ्या अर्थाने वापरत असतील तर तुमचं गाव बरोबर आहे असं समजा. आजची मुलं स्वतःला 'फूडी' म्हणवतात, तो शब्दही घेतला आहे. भाषेत चाललेलं वगळायचा अधिकार संग्राहकाला नसतो. शिवाय 'फूडी' मुलगाही असतो आणि मुलगीही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

वही पूर्ण होत आली तेव्हा मी आत्याला विचारलं होतं, "तुला काय खायला आवडतं?" ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "यांना वांग्याची भाजी आवडायची." मी पुन्हा विचारलं. ती हसली, विचारात पडली आणि उत्तर न देता चहा टाकायला उठली.

वाचकांना विनंती एवढीच, की हे पुस्तक मिटल्यावर आपल्या घरात जो कुणी रांधतो त्याला किंवा तिला हा प्रश्न विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा, चहा हवा तर तुम्ही टाका. त्या बोलण्यात एखादा शब्द हाती लागला, तर तो लिहायला शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत.